हरकतीचा पार

सकाळी चहाच्या टपरीवर तुम्ही शेजारच्या माणसाला सहज विचारलेत, "इथे बसलो तर हरकत नाही ना?" आणि सगळी टपरी हसली. राग मानू नका. सातवणमध्ये 'हरकत' आणि 'नाही' हे दोन शब्द कुणी जोडून बोलत नाही. चहा घेणार का विचारले तर इथला माणूस 'घेऊ की' म्हणेल, 'चालेल' म्हणेल, नुसती मान हलवेल. सोयरिकीच्या बैठकीत सुद्धा मुलीचा बाप 'आमच्याकडून होकार' म्हणून थांबतो. ते दोन शब्द कुणाच्या तोंडून चुकून निघालेच तर ऐकणारे बोट दाखवतात ते इकडे, या पाराकडे.

पार पाहून घ्या. दगडी आहे, चौकोनी आहे, चौकाच्या अगदी मधोमध आहे. वर रांजण आहे आणि शेजारी हा एकच पांगारा. आता वैशाखात त्याच्यावर नावाला पान नाही. ऐन उन्हात जेव्हा सावली हवी तेव्हा हे झाड उघडे असते आणि पावसात, गरज नसताना, हिरवेगार होते. पाराला छप्पर नाही आणि कधी झालेही नाही. याची एक कथा सांगतात. मी आयुष्यभर शिकवण्याचे काम केले, त्यामुळे पुराव्याशिवाय बोलताना जीभ अडखळते. या कथेला पुरावा म्हणाल तर हा पार, हे झाड आणि लोकांची ती खोड, एवढाच. तेवढ्यावर कितपत विसंबावे ते तुम्ही ठरवा.

संस्थानाच्या काळात या चौकात राही नावाची कुंभारीण राहत होती. तिचा नवरा सोमा आसपासच्या बाजारांत गाडगी-मडकी विकायचा. एका उन्हाळ्यात बाजारावरून भर दुपारी परतताना तो या चौकात कोसळला. गाढव शेजारी उभे राहिले. येणारे-जाणारे पाहत होते आणि म्हणत होते, "प्यालेला दिसतोय." काय प्याला ते कुणी बोलले नाही, बोलावे लागत नाही. आपल्या भाषेत 'तो पितो' म्हटले की पुढे विचारायचे काही उरत नाही. लोक त्याला वळसा घालून गेले. ऊन कलल्यावर कुणीतरी त्याला उताणे केले तेव्हा तो गेलेला होता, आणि तोंडाला कसलाही वास नव्हता. ओठ मात्र भेगाळलेले होते.

पुढच्या अक्षय्यतृतीयेला लोक पितरांच्या नावाने पाण्याने भरलेली मडकी दान देत होते, तेव्हा राहीने स्वतः घडवलेला रांजण या पारावर आणून पुरला. या चौकात पडलेल्या माणसाच्या तोंडात आधी पाणी जाईल आणि तो काय प्याला याची चौकशी मागाहून होईल, असा तिने नेम धरला, असे सांगतात. तिने तो पाळला. पारावर दारू पिऊन लोळणारेही असत. त्यांना तिने कधी हाकलले नाही. त्यांच्या तोंडावर पाण्याचा हबका मारायची, दोन शिव्या हासडायची आणि पेला हातात द्यायची.

पण पिणारे वाढले. गुत्ता वेशीबाहेर होता. तिथून बाटल्या घेऊन लोक चौकात येत आणि पारावर बैठक जमवत. बायकांना आडावर जाणे कठीण झाले. गावात तेव्हा नगरपालिका नुकतीच आली होती आणि सभासदांना ठराव करण्याची मोठी हौस होती. अध्यक्ष होते रावसाहेब. माणूस वाईट नव्हता, पण शोभेला फार जपायचा. सभेत तक्रार आली. ठराव लिहायची वेळ आली तेव्हा 'दारू' हा शब्द पालिकेच्या कागदावर बरा दिसणार नाही, असे रावसाहेबांना वाटले. मग ठराव झाला तो असा: 'चौकात उघड्यावर पिण्यास मनाई आहे.' दवंडीही तशीच पिटली गेली. ज्याने त्याने मनातल्या मनात हवा तो शब्द भरून घेतला.

गुत्तेदार दाजीबा हुशार होता. त्याने दुसऱ्याच शब्दाला हात घातला. मनाई 'उघड्यावर' आहे ना? मग उघडे ठेवूच नका. त्याने पालिकेकडे अर्ज केला की पाराभोवती कूड आणि वर छप्पर घालून मला बांधकामाला परवानगी द्यावी, म्हणजे पिणारे आत राहतील आणि चौक स्वच्छ होईल. रावसाहेबांना ही सोय पटली. नियमाप्रमाणे लोकांच्या हरकती मागवल्या आणि त्या ऐकायला सभा इथेच, पारावर भरली.

गाव लोटले होते. पण पहिल्यांदा कुणी बोलावे? ज्याने त्याने राहीबाईकडे पाहिले. पार तिचा नव्हता, पण रांजण तिचा होता, ती बोलणारच असा सगळ्यांचा हिशेब. तीही बोलायचे ठरवूनच आली होती म्हणे. तेवढ्यात रावसाहेबांची खुर्ची आली आणि ती ठेवायला जागा पुरेना. रावसाहेब अदबीने म्हणाले, "राहीबाई, जरा बाजूला बसता का? काही हरकत?"

ती भल्या घरची बाई. मोठा माणूस अदबीने विचारतो आहे. तिने पदर सावरला, पेला उचलला आणि सरकत म्हणाली, "हरकत न्हाई."

रावसाहेब खुर्चीत बसले आणि सभेकडे वळले. "ऐकलंत? रांजणवालीचीच हरकत नाही. मग आणखी कुणाची असणार?"

जे बोलायला आले होते त्यांना वाटले, हिचेच मन फिरले तर आपण कशाला वाईट व्हा. राहीला वाटले, रावसाहेब खुर्चीबद्दलच बोलत आहेत. आपली पाळी येईल म्हणून ती थांबली आणि तेवढ्यात सभा उठली, परवानगी झाली. रावसाहेबांनी हे जाणून केले की त्यांचीही ऐकण्यात चूक झाली, याबद्दल गावात अजून दोन तट आहेत. मी दोन्ही बाजूंनी विचार करून पाहिला आहे, मला ठरवता आलेले नाही.

दुसऱ्या सकाळी दाजीबाची माणसे छपराच्या खांबांसाठी मेढी घेऊन आली. स्वस्तात पडतात म्हणून त्याने पांगाऱ्याच्या ओल्या मेढी तोडून आणल्या होत्या. पाराच्या चारी कोपऱ्यांत त्या रोवल्या गेल्या तेव्हा राहीला उलगडा झाला. ती रावसाहेबांच्या दारात गेली.

"म्या बाजूला बसाया हरकत न्हाई म्हणलं. पाराला न्हाई."

"बाई, सभेपुढे निघालेला शब्द तो. आता निर्णय झाला."

दाजीबा तिथेच होता. तो हसून म्हणाला, "एवढं मनावर घेऊ नका, राहीबाई. तुमचा रांजण आत आणा की. कोपऱ्यात जागा देतो. दारूत घालायला पाणी लागतंच."

"माझं पाणी दारूत जायाचं न्हाई, दाजीबा. दारू उतरवायला जाईल. आन् कुडाच्या आड न्हाई. रस्त्यावर पडलेल्याला तुजं दार कोन उघडून दील?"

मग ती रावसाहेबांना म्हणाली, "माजा शब्द म्या परत घेतला. आजपासून ते दोन शब्द एकाला एक लावून बोलनार न्हाई. आन् ह्यो पार मोकळा होस्तवर छपराखाली पान्याचा थेंब घेनार न्हाई. प्याले तर चौकात पिईन. उघड्यावर."

असे म्हणून ती सरळ इथे आली, रांजणात पेला बुडवला आणि भर चौकात, पालिकेच्या शिपायाच्या डोळ्यांदेखत, उभ्याने पाणी प्याली.

शिपायाची पंचाईत झाली. "आवं मावशी, हितं प्यायचं न्हाई."

"का बरं?"

"मनाई हाय. दवंडी झालीया."

"दवंडीत काय म्हणाला व्हतास? दारू म्हणाला व्हतास का?"

शिपायाने आठवून पाहिले. दारू म्हणाला नव्हता. तो धावत रावसाहेबांकडे गेला. आता ठरावात दारू शब्द घालावा, तर आधी का घातला नाही याचे उत्तर द्यावे लागणार. रावसाहेब चिडले आणि चिडलेल्या माणसाने द्यावा तसा हुकूम त्यांनी दिला: ठराव म्हणजे ठराव, जो उघड्यावर पिईल त्याला धरा.

मग काय विचारता. आडावरच्या बायका कळशा घेऊन आल्या आणि पारासमोर रांगेने पाणी प्याल्या. बाजाराला आलेले पाहुणे प्याले, भिक्षुक प्याले, सोमाला वळसा घालून गेलेल्यांपैकी जे हयात होते तेही, मान खाली घालून, प्याले. सदबा नावाचा पारावरचा कायमचा पिणारा होता. त्यानेही पेला रिचवला आणि दोन्ही हात पुढे करून शिपायाला म्हणाला, "दादा, रोज दारू पितो तवा तुमी मला धरून घरी पोचवता. आज पानी प्यालो तर चावडीत नेता व्हय? मंग उद्यापास्नं दारूच बरी."

चावडीची कोठडी भरली, ओसरी भरली. शेवटी राहीला तेवढे ठेवून बाकीच्यांना सोडून दिले. एकटी पडली की नरमेल, असा अंदाज होता.

कोठडीला छप्पर होते. शिपायाने पेला आणला. "मावशी, हितं प्या. आत कायद्यानं चालतंय."

"आत न्हाई," ती म्हणाली. "भाईर."

वैशाखच होता. ऊन चढले, उतरले, पुन्हा चढले. ती भिंतीला टेकून बसली, मग आडवी झाली. शिपाई पेला घेऊन येई आणि तसाच परत नेई. तिचे ओठ भेगाळले तेव्हा तो घाबरला. सोमाला उताणे करणाऱ्यांत त्याचा बाप होता, असे सांगतात. तो रावसाहेबांच्या घरी धावला आणि एवढेच म्हणाला, "साहेब, तसंच व्हतंय."

रावसाहेबांनी तिला चौकात आणायला सांगितले. उचलून आणणाऱ्यांनी तिला जमिनीवर ठेवले ती जागा सोमा पडला होता तीच, हे ठेवताना त्यांच्या ध्यानात आले नाही. गाव गोळा झाले. तेवढ्यात परगावचा एक वाटसरू चालला होता. त्याने गर्दीतून डोकावले आणि जाता जाता सहज म्हणाला, "बाई प्यालेली दिसती."

तो पुढे निघूनही गेला. त्याला काय ठाऊक? पण ते वाक्य चौकात तसेच राहिले. कित्येकांना ते आपल्याच आवाजात ऐकू आले असेल.

रावसाहेब खाली मातीत बसले. त्यांनी रांजणातले पाणी घेऊन तिच्या ओठांना लावले. तिने दात आवळून धरले.

"मनाई हाय," ती पुटपुटली.

"मनाई उठवली, बाई."

"कवा? सभा कुटं झाली?"

अशा अवस्थेत हा प्रश्न! लोकांत कुणीतरी हुंदका देतादेता हसले म्हणतात. मग तीच म्हणाली, "आदी तुमी प्या. समद्यांसमोर."

रावसाहेब उभे राहिले. आपल्याच ठरावाविरुद्ध, उघड्यावर, पेला तोंडाला लावून ते घटाघटा प्याले. पाणी अंगरख्यावर सांडले, ते पुसायचे त्यांना भान नव्हते. मग पुन्हा पेला भरून खाली वाकले. "आता घ्या. आता तर काही हरकत...?"

"हाय," राही म्हणाली. तिने कोपऱ्यातल्या मेढींकडे डोळे वळवले. "हरकत हाय."

गर्दीतून एक बाई म्हणाली, "माजीबी हाय." मग दुसरी. मग म्हातारे, मग बाजारकरी. सभेच्या दिवशी जे शब्द मनातच राहिले होते ते आता एकामागून एक बाहेर पडू लागले. सदबा ओरडला, "माजीबी हाय! आजच्यापुरती तरी हाय!"

दाजीबा पुढे सरसावला. "दिलेली परवानगी अशी मागे घेता येत नाही, रावसाहेब."

रावसाहेब म्हणाले, "ऐकलंत ना? रांजणवालीची हरकत आहे."

आणि त्यांनी स्वतः पहिल्या मेढीला हात घातला. लोक धावले. एकेक मेढ उपटून बाजूला फेकली गेली. शेवटची मात्र हलेना. सगळ्या गावाने जोर लावला तरी हलेना. खाली वाकून पाहिले तर मातीत तिला मुळे फुटली होती आणि वर, सालीतून, तांबडी कळी डोकावत होती. पांगाऱ्याची ओली फांदी रुजते, हे कुणीही सांगेल. पण इतक्या थोड्या दिवसांत? ऐन वैशाखात? मला सांगता येत नाही. गावकऱ्यांचे म्हणणे असे की तिला छप्पर व्हायचे नव्हते.

ती मेढ तशीच ठेवली. मग राही पाणी प्याली.

तेव्हापासूनची रीत आजही चालू आहे. दर अक्षय्यतृतीयेला नगराध्यक्ष या पारावर येतो, उघड्यावर, उभ्याने, सर्वांसमोर रांजणातले पाणी पितो आणि वर्षात चौकात कुठेही काही बांधायचे असेल तर ते अर्ज मोठ्याने वाचून विचारतो, "हरकत?" कुणीतरी 'आहे' म्हटल्याशिवाय सभा उठू शकत नाही. अर्ज निरुपद्रवी असेल तर लोक अध्यक्षाच्या टोपीला हरकत घेतात, त्याच्या भाषणाच्या लांबीला घेतात. पण घेतात. खुर्ची कुणीच आणत नाही.

परवा अक्षय्यतृतीया आहे. यंदा एक अर्ज आला आहे. पाराचे सुशोभीकरण करून वर पारदर्शक छत घालायचे, बाजूने काच लावायची आणि आत पर्यटकांसाठी उपाहारगृह चालवायचे. तिथे काय मिळणार असे विचारले तर अर्जात 'पेये' असा शब्द आहे. नुसता 'पेये'. आमच्या गावाला अशा मोघम शब्दांची जुनी ओळख आहे.

मी जाणार आहे. चारचौघांत उभे राहिलो की माझा आवाज कापतो, आणि आपले चुकत तर नसेल ना, ही शंका शेवटपर्यंत सुटत नाही. पण म्हणायचा शब्द लहान आहे. कापऱ्या आवाजातही तो स्पष्ट ऐकू येतो.

ऊन फार झाले. या, रांजणातले पाणी प्या. नको, सावलीत नेऊ नका तो पेला. इथेच, उघड्यावर, उभ्याने.