निंबदऱ्याच्या बारवेतील नारू

भाविक श्रोतेजनहो, बालाघाटाच्या उतरणीवर निंबदरे या नावाचे एक गाव आहे. गावात येमाईचे देऊळ असून देवळासमोर काळ्या पाषाणाची, खोल पायऱ्यांची एक विशाल बारव आहे. श्रीअमृतगीर महाराज एके वर्षी चातुर्मासाच्या निमित्ताने या गावी आले आणि देवळाच्या ओवरीत आसन लावून राहिले. अंगावर छाटी, जवळ कमंडलू आणि मुखी अखंड नामस्मरण, एवढाच महाराजांचा संसार. कोणी फळ आणून ठेवले तर ते समोर येणाऱ्या पहिल्या माणसाच्या हाती जाई.

त्या काळी निंबदऱ्यास नारूने ग्रासले होते. आजच्या पिढीने हा रोग पाहिलेला नाही, म्हणून थोडे सांगणे प्राप्त आहे. नारू झाला म्हणजे पायाला आधी फोड येई. त्याची आग अशी होई की धट्टाकट्टा गडी लहान लेकरासारखा रडे. फोड फुटला की आतून पांढऱ्या दोऱ्यासारखा किडा डोके काढी. तो ओढताना तुटला तर पाय सडत असे. म्हणून त्याला काडीवर गुंडाळून रोज थोडा थोडा बाहेर घ्यावा लागे, आणि तोवर माणूस अंथरुणाला खिळून राही. इकडे पेरणीची वेळ निघून जाई. एक पाय सुजला की साऱ्या घराची चूल थंडावे, अशी त्या गावाची दैना होती.

याच गावी ठकूबाई नावाची कोष्टीण राहत असे. तिचा नवरा नारूनेच गेला होता आणि पोटी मूलबाळ नव्हते. दिवसभर मागावर लुगडी विणावीत आणि संध्याकाळी येमाईला दिवा लावावा, एवढेच तिचे जगणे होते. परंतु नवऱ्याच्या दुखण्यात आपल्या घरी किती दिवस चूल पेटली नाही, हे ती विसरली नव्हती. म्हणून तिने चार बायकांना जमवून मूठधर्म मंडळी काढली. सकाळी दळायला बसण्यापूर्वी घरोघरच्या बाईने जोंधळ्याची एक मूठ वेगळ्या गाडग्यात टाकायची. आठवड्याने ती गाडगी गोळा करायची आणि ज्या घरचा कर्ता अंथरुणावर पडला असेल त्या घरी भाकरी व आंबील पोहोचवायची. ना पावती, ना गाजावाजा!

एके दिवशी ठकूबाई मोठ्या उल्हासाने ओवरीत आली आणि दंडवत घालून म्हणाली, "महाराज, येमाईची कृपा झाली. औंदा आमचं पातेलं पुरंना म्हणून गुऱ्हाळावरची काहील आणली. इतक्या घरांस्नी अन्न जातंय!"

महाराजांनी डोळे मिटले. मग ते म्हणाले, "बाई, पुढच्या वर्षी याहून मोठी काहील लागावी, असे तुला वाटते काय?"

शाबासकीच्या आशेने आलेल्या ठकूबाईचा चेहरा उतरला. "मग काय करू, महाराज? चूल इझवू?"

"चूल विझवू नको. भुकेल्याला आज भाकरीच पाहिजे," महाराज म्हणाले. "परंतु तुम्ही दुःखाला जेवू घालता आणि त्याच्या बापाला विचारीत नाही. भाकरी देऊन लगेच उठू नको. त्या घरी दोन घटका बस. ती माणसे कोठले पाणी पितात, पाय कोठे धुतात, आग झाली म्हणजे काय करतात, ते विचार. उत्तर माझ्याजवळ नाही, त्यांच्याजवळ आहे."

झाले! त्या दिवसापासून ठकूबाई टोपली उतरवून उंबऱ्यापाशी बसू लागली. पहिल्या घरी तिला काही उमगले नाही, दुसऱ्या घरीही नाही. परंतु जिकडे जावे तिकडे एकच गोष्ट कानी पडू लागली. "आग सोसंना म्हणून येमाईच्या पायरीवर गेलो. आईच्या पाण्यात पाय सोडला की कसं गार वाटतं, ठकूमावशे!"

श्रोतेजनहो, निंबदऱ्याची ही पिढ्यान्‌पिढ्यांची रीत होती. बारवेत पाण्याला लागून एक पायरी होती, तिला देवीची पायरी म्हणत. नारूच्या रोग्याने तेथे बसून दुखरा पाय पाण्यात सोडायचा आणि येमाईचा धावा करायचा. शेजारीच बायका गुडघाभर पाण्यात उतरून घागरी भरायच्या. ज्यांना चालवत नसे त्यांना गडी पाठुंगळीला मारून तेथवर नेत, आणि ते पुण्यकर्म समजत. माळावर धनगरांची वस्ती होती. त्यांच्या आडाला पायऱ्याच नव्हत्या. ते दोराने पाणी शेंदीत. त्या वस्तीवर नारू कोणी पाहिला नव्हता.

ठकूबाईने हे सर्व महाराजांना निवेदन केले. सांगता सांगता तिचे तिलाच उमजले. "महाराज, माझ्या मालकाला मीच हाताला धरून त्या पायरीवर नेत व्हते. आणि येताना घागर भरून आणत व्हते."

महाराजांचे नेत्र पाणावले. ते म्हणाले, "तुझी भक्ती खोटी नव्हती, बाई. वाट चुकलेली होती. आता वाट कळली, तर चाल."

मूठधर्म मंडळीच्या बायकांनी अंबाडी भिजवून दोर वळले. बारवेच्या एका अंगाला पूर्वी मोट चालत असे, तेथे पायऱ्या न उतरता वरच्या काठावर उभे राहून त्या पाणी शेंदू लागल्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्यास विनवू लागल्या, "खाली उतरू नका. आम्ही भरून देतो. पाय दुखत असेल तर घरी तांब्याने पाणी घाला, पण बारवेत सोडू नका." रात्री लुगडी बाजूला ठेवून ठकूबाई मागावर घट्ट विणीची फडकी विणू लागली. ती घरोघर देऊन सांगे, पाणी दुहेरी गाळून घ्या.

परंतु लोकांची तोंडे कोण धरणार? चावडीवर हशा पिकू लागला. "येमाईच्या पाण्याला सोवळं शिकवायला निघाली ही!" असे एकाने म्हणावे. "फडकं इकायचा धंदा हाय त्यो," असे दुसऱ्याने म्हणावे, जरी ती फडक्याचे काही घेत नसे.

सर्वांत मोठा घाव घातला तो त्रिंबकराव इनामदारांनी. बारव त्यांच्या पणजोबांनी बांधलेली. राव स्वभावाने दुष्ट नव्हते, हे खरे सांगितले पाहिजे. दर नवरात्रात ते नारूच्या रोग्यांना गाडीत घालून वाड्यावर आणीत आणि पुरणपोळीची पंगत घालीत. पंचक्रोशीत त्यांच्या दानाची कीर्ती होती आणि ती कीर्ती रावांना ठाऊक होती. एके सकाळी ते बारवेवर आले, दोर ओढणाऱ्या बायकांकडे पाहून हसले आणि म्हणाले, "ठकू, माग सोडून हे काय ओढतेस? आमच्या पणजोबांच्या पुण्याईत खोट काढतेस होय? आणि समज, तुझ्या मनासारखं झालं, गावात एकही लंगडा उरला नाही, तर आमच्या पंगतीला बसायचं कोणी?"

सोबतचे लोक खदखदा हसले. ठकूबाई खाली मान घालून म्हणाली, "मालक, बसतील की. आपल्या पायानं चालत येतील."

हसणे थांबले. रावांना ते उत्तर झोंबले, आणि त्यांनी मनात अढी धरली.

पुढे घटस्थापना आली. त्याच दिवशी त्रिंबकरावांच्या घोट्याला फोड आला! सायंकाळपर्यंत अशी आग उसळली की राव तळमळू लागले. दुसऱ्या सकाळी गावभर एकच बोलवा उठली. कोष्टिणीने देवीच्या पायरीवर जाऊ दिले नाही, म्हणून येमाई कोपली आणि बारवेच्या धन्यालाच तिने धरले! मूठधर्माचे धान्य ज्या खोपीत साठवत, तिच्यात जमाव शिरला. धान्याच्या कणग्या ओढून देवळासमोर आणल्या.

"वता हे सगळं धुळीत!" कोणी ओरडला. "आजपासून हिला कोणी मूठ घालायची न्हाई!"

ठकूबाई धावत तेथे आली. त्या कणग्यांवर कितीतरी घरे अवलंबून होती. त्या घरची माणसे उठूही शकत नव्हती. मंडळी मोडली तर त्यांना उद्या कोण विचारणार? परंतु इतक्यात दोन गड्यांच्या खांद्यावर हात टाकून त्रिंबकराव देवीच्या पायरीकडे येताना तिला दिसले, आणि ती कणग्या तशाच सोडून बारवेत धावली. पाण्याच्या वरल्या पायरीवर ती आडवी पडली.

"बाजूला हो, ठकू," राव दातओठ खात म्हणाले. "जीव चाललाय माझा."

"मालक, घरी चला. मी सोता तुमच्या पायावर पाणी घालते, दिवसभर घालते. पण हितं पाय सोडू नका. हे पाणी साऱ्या गावाच्या पोटात जातंय."

"तुझ्या कणग्या आत्ता ओततील ते. उठतेस की नाही?"

ठकूबाईने दोन्ही हातांनी पायरीची कड धरली. "वता म्हणावं. पुन्हा मूठमूठ मागीन. पण मी उठणार न्हाई. उतरायचं असेल तर माझ्या अंगावर पाय देऊन उतरा."

गडीही थबकले. मागोमाग आलेला जमाव पायऱ्यांवर दाटला होता. तेव्हा वरून शांत स्वर आला, "राव, तिला तुडवण्याआधी मला दोन शब्द बोलू द्या."

श्रीअमृतगीर महाराज पायऱ्या उतरत होते. त्यांना पाहून जमाव दुभंगला. राव कष्टाने म्हणाले, "महाराज, आपण साधुपुरुष. आपणच सांगा, या पवित्र पाण्यात कसली खोट आहे? डोळ्यांनी दाखवा, मी मुकाट्याने परत जातो."

"पाणी पवित्रच आहे," महाराज म्हणाले. "त्यात आपण काय सोडले, तेवढे पाहू. आपला तांब्या आपल्याच हाताने भरा."

गड्यांनी रावांना धरून वाकविले. पाय कोरडा ठेवून रावांनी आपला चांदीचा तांब्या भरला. पाणी स्फटिकासारखे निर्मळ होते. लोक एकमेकांकडे पाहू लागले. महाराजांनी ठकूबाईकडून एक फडके मागितले, ते सूर्याकडे ताणून धरावयास सांगितले आणि येमाईचे नाव घेऊन त्यावर तांब्या ओतला. मग त्यांनी ओल्या कापडावरून केवळ आपली करंगळी फिरविली.

काय सांगावे, श्रोतेजनहो! जे मानवी दृष्टीस दिसणे नाही ते त्या क्षणी सर्वांस दिसले. कापडावर राळ्याच्या दाण्याहून बारीक असे असंख्य जीव वळवळत होते, आणि प्रत्येकाच्या काचेसारख्या पोटात एकेक पांढरा धागा वेटोळे घालून बसला होता. तो धागा लोकांनी तत्काळ ओळखला. कोणी आपल्या बापाच्या पायातून तो काडीवर गुंडाळला होता, कोणी आपल्या लेकीच्या. एक म्हातारी "आई येमाई!" म्हणून मटकन खाली बसली. एका बाईने डोक्यावरची भरलेली घागर उतरवून जमिनीवर उपडी केली.

"या धाग्याची आई त्या फोडात आहे," महाराज रावांच्या घोट्याकडे बोट दाखवून म्हणाले. "पाय पाण्यात गेला की ती आपली पिले पाण्यात सोडते. पाणी घागरीत जाते, घागर घरात जाते आणि वर्षाने पुन्हा पाय सुजतो. देवी कोपलेली नाही, राव. पायरी बांधणाऱ्याच्या मनातही पाप नव्हते. कोणी विचारले नव्हते, एवढेच."

त्रिंबकरावांनी हात जोडले. "महाराज, आपले एवढे सामर्थ्य! मग हा नारू आत्ताच्या आत्ता नाहीसा करा. माझाही आणि गावाचाही."

महाराजांनी रावांच्या कपाळावर हात ठेवला. जळणारी आग तत्काळ निवाली, असे राव पुढे जन्मभर सांगत. परंतु किडा होता तेथेच राहिला. महाराज म्हणाले, "मी आज तो काढीन. उद्या तुम्ही पुन्हा पाण्यात उतराल, आणि मग दर वर्षी एक साधू शोधत हिंडाल. देवीने तुम्हांला दृष्टी दिली. हात तुमचे तुम्हांला आहेतच. हा नारू काडीवर हळूहळूच निघेल, आणि गावाचाही तसाच, धीराने निघेल."

राव बराच वेळ पणजोबांनी घडविलेल्या त्या पायऱ्यांकडे पाहत राहिले. त्या पायऱ्यांवर त्यांचे बालपण गेले होते. मग त्यांनी कारभाऱ्यास हाक मारली. "बेलदारांना बोलावणं पाठवा. या पायऱ्या खालपासून बंद करा. वर कठडा बांधा, रहाट बसवा. दगड कमी पडला तर आमच्या वाड्याची पडवी पाडा."

वर देवळासमोर ज्यांनी कणग्या ओढून आणल्या होत्या, तेच लोक त्या पुन्हा खोपीत नेऊन ठेवू लागले.

राव महाराजांच्या चरणी वाकू लागले, तेव्हा महाराज बाजूला सरले. "माझ्याकडे नव्हे. ज्या बाईच्या अंगावरून तुम्ही उतरणार होता, ती तिकडे बसली आहे."

एवढा मोठा इनामदार, दुखरा पाय ओढीत दगडावर बसला, आणि त्याने भर गावासमक्ष ठकूबाईच्या पायांवर डोके ठेवले. "माझं अन्नदान मला फार मोठं वाटत होतं, ठकूबाई," ते म्हणाले. "माणसं आपल्या दारी येतात, यातच मी सुख मानलं. ती का येतात, हे कधी विचारलं नाही."

ठकूबाई कानकोंडी होऊन पाय मागे घेऊ लागली. "अवो मालक, हे काय करताय? तुम्ही माझ्या सासऱ्याच्या वयाचे!"

"बाई, पाय मागे घेऊ नको," महाराज म्हणाले. "नमस्कार घे. तू घेतला नाहीस तर त्यांचे ओझे उतरणार कोठे?"

तेव्हा ठकूबाईने रावांच्या डोक्याला स्पर्श केला, आणि त्या वयोवृद्ध पुरुषाला रडू कोसळले.

भाविकहो, ज्या दयेने भुकेल्यास भाकरी दिली आणि त्याच्या उंबऱ्यावर बसून त्याची भूक कोठून आली हेही विचारले, ती दया श्रीअमृतगीर महाराजांच्या कृपेने आपणां सर्वांच्या ठायी नांदो.