नीलवापीचा एक अडसर

फार पूर्वी नीलवापी नावाच्या नगरात जयंधर राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व एका जुन्या अमात्यकुळात जन्माला आले. त्यांचे नाव क्षेमदत्त. वडिलांच्या मागे अमात्यपद त्यांच्याकडे आले आणि पदाबरोबर वडिलांचे दालनही आले. दालन कसले, बाजारच होता तो. समया, गालिचे, हस्तिदंती पेट्या, कुठकुठल्या मांडलिकांनी दिलेल्या मूर्ती. बसायचे तर आधी काहीतरी उचलून बाजूला ठेवावे लागे. क्षेमदत्तांनी ते सारे ज्याला हवे त्याला देऊन टाकले. एक चटई ठेवली आणि पाण्याचा एक तांब्या. एका वेळी एकच माणूस आत यायचा, आणि त्याचे काम तडीस गेल्याशिवाय दुसरे काम निघायचे नाही. लोक म्हणत, अमात्य भारी विक्षिप्त. एक व्यापारी मोठी थोरली पितळी समई भेट घेऊन आला, तर क्षेमदत्त हसून म्हणाले, "शेटजी, ठेवू कुठे?" त्या मोकळ्या दालनाकडे बघत व्यापारी बिचारा समई परत घेऊन गेला.

त्या नगराच्या वरच्या अंगाला एक मोठा तलाव होता. त्याच्या बांधात एक दरवाजा होता. डोंगरात पाऊस फार झाला की तलाव फुगायचा, मग दरवाजा उघडून पाणी कालव्यात सोडायचे. कालवा नगराला वळसा घालून नदीला मिळे. दरवाजा वेळेवर उघडला नाही तर पाणी बांधावरून थेट खालच्या वस्तीत. सगळ्यात खाली कुंभारआळी. तिचा नंबर पहिला.

आता या दरवाजाची गंमत ऐका. ज्या कोणी तो पहिल्यांदा बांधला, त्याने त्याला एकच अडसर लावला होता. सागाचा, चांगला जाड, आणि बाजूच्या रहाटाने ओढून घेता येईल असा. तो सरकला की पाण्याच्या रेट्यानेच दारे उघडत. पण पुढे जो जो राजा गादीवर बसला त्याला वाटले, आपलेही काहीतरी या दरवाजावर असावे. मग प्रत्येकाने राज्याभिषेकाला एकेक अडसर वाढवला, आणि तो काढण्याचा मान एकेका घराण्याला दिला. कोणाचा चंदनाचा, कोणाचा रुप्याने मढवलेला, कोणाच्या अडसराला घंटा. असे वाढीव नऊ झाले. दरवाजा उघडायचा तर नऊ घराण्यांचे मानकरी क्रमाने यायचे, ज्याच्या त्याच्या हाती मानाचा विडा द्यायचा, वाजंत्री वाजायची, मग एक अडसर निघायचा. एकाच्या आधी दुसऱ्याने हात लावला तर तिथेच तंटा.

आदल्या वर्षी तलाव फुगला तेव्हा तिसऱ्या घराण्याला सुतक होते आणि पाचव्याचा मानकरी सासुरवाडीला गेला होता. त्यांची वाट बघेपर्यंत पाणी बांधावरून गेले आणि कुंभारआळीतली घरे मातीसकट वाहून गेली. माणसे वाचली ती झाडांवर चढून. त्यावर नगराने काय शहाणपण केले म्हणता? सगळे म्हणाले, दरवाजा कच्चा आहे, आणखी एक अडसर हवा. बैल गेला अन् झोपा केला, तोही झोपा भलत्याच दाराला.

जयंधर राजाला गादीवर येऊन थोडेच महिने झाले होते. त्याला ही सूचना फार आवडली. सभेत तो म्हणाला, "आमचा अडसर सोन्याच्या पत्र्याने मढवा. वर सिंह बसवा. उचलायला बारा माणसे लागली पाहिजेत."

सभेने माना डोलावल्या. क्षेमदत्त उठून उभे राहिले.

"महाराज, एक विनंती. यंदा दरवाजाला काही जोडण्याआधी त्यातला एक अडसर काढून बघावा."

सभेत हशा पिकला. राजा मात्र हसला नाही, कारण क्षेमदत्त उगाच तोंड उघडत नाहीत हे त्याला माहीत होते. त्याने विचारले, "कोणाचा काढायचा?"

"माझ्या घराण्याचा."

हशा थांबला. चंदनाचा अडसर क्षेमदत्तांच्या पणजोबांना मिळाला होता, आणि तो मान नगरात पहिल्या नंबरचा समजला जाई.

"आणि त्याने दरवाजा गळू लागला तर?" राजाने विचारले.

"तर मी कुटुंबासह पायी नगर सोडीन. पुन्हा वेशीत पाऊल टाकणार नाही."

घरी आल्यावर आई दारातच उभी होती. बातमी तिच्यापर्यंत आधीच पोचली होती. तिचे नाव इरावती. नवऱ्याच्या आणि सासऱ्याच्या हातून तो अडसर निघताना तिने पाहिला होता, दरवर्षी त्या दिवशी ती नवे लुगडे नेसायची.

"क्षेमा, घरातल्या समया दिल्यास, मी बोलले नाही," ती म्हणाली. "गालिचे दिलेस, तरी बोलले नाही. आता घराण्याचं नावही वाटून टाकतोस?"

"आई, आपलं नाव त्या लाकडावर आहे म्हणून टिकलं आहे का?"

"मला काय विचारतोस? मला वाईट वाटतंय, एवढं मला कळतं."

क्षेमदत्तांनाही वाईट वाटत होते. आईचा चेहरा बघून तर फारच. ते तिच्याजवळ बसले आणि कुंभारआळीतल्या एका बाईबद्दल सांगू लागले, जी अजूनही रोज आपल्या वाहून गेलेल्या भट्टीच्या जागी जाऊन उभी राहते. इरावतीने ऐकून घेतले. मग उठून आत गेली आणि जेवायला वाढले. वाढता वाढता म्हणाली, "मग काढ. पण स्वतःच्या हाताने काढ, नोकराकडून नको."

दुसऱ्या दिवशी क्षेमदत्तांनी भर लोकांसमोर चंदनाचा अडसर काढला. सगळे खाली वाकून दारांच्या फटीकडे बघत राहिले. एक थेंब आला नाही. कसा येणार? सारा भार पेलत होता तो आतला जुना सागाचा अडसर. बाकीचे नुसते बाहेरून लटकलेले होते, लग्नात मिरवणाऱ्या पाहुण्यांसारखे.

हे डोळ्यांनी पाहिल्यावर जयंधर राजा विचारात पडला. तरुण होता, हौशी होता, पण मनाचा खोटा नव्हता. त्याने आपल्या आजोबांचा रुप्याचा अडसर पुढच्याच दिवशी काढायला लावला आणि सोन्याच्या सिंहाचे काम थांबवले. मग बाकीच्यांची चुळबुळ सुरू झाली. कोणी रुसले, कोणी राजाला पूर्वजांची शपथ घातली, पण एकेक करीत अडसर उतरले. राहिला एक. सोमिल श्रेष्ठींचा.

सोमिल हे व्यापाऱ्यांच्या श्रेणीचे प्रमुख. म्हातारे, ताठ, आणि बोलण्यात फटकळ. त्यांचा मान सातवा. ते सरळ दरवाजासमोर ठिय्या मांडून बसले. शिपाई त्यांना उचलायला निघाले, तर क्षेमदत्तांनी त्यांना थांबवले आणि स्वतः जाऊन त्या म्हाताऱ्याशेजारी मातीत बसले.

सोमिल त्यांच्याकडे न बघताच म्हणाले, "अमात्य, तुम्हाला काय कळणार? तुमच्याकडे पद आहे. माझा मुलगा गेला. घरात एक नातू आहे. त्याला मी काय देणार? पैसा देईन, तो आज आहे, उद्या नाही. हा मान मात्र कोणी हिसकावून घेऊ शकत नव्हतं. आता तुम्ही घेताय."

"श्रेष्ठी, एकच विचारतो. हा दरवाजा कशासाठी आहे?"

"पाणी अडवायला."

"अडवायला बांध आहे. दरवाजा सोडायला असतो."

सोमिलांना पटले नव्हते, पण राजाची आज्ञा होतीच. ते गुडघ्यांवर हात टेकून उठले. आपला अडसर त्यांनी स्वतःच उतरवला, खांद्यावर घेतला आणि जाताना म्हणाले, "एक दिवस हे नगर बुडेल, आणि तुमचं नाव घेत बुडेल."

असे तळतळून बोललेले ऐकून कोणालाही झोंबले असते. क्षेमदत्तांनाही झोंबले. पण त्यांनी रहाट साफ करून घेतला, दोर नवा बांधला, आणि नगरात दवंडी पिटवली की पाणी तलावकाठच्या खुणेच्या दगडाला लागलेले ज्याला दिसेल त्याने रहाट फिरवावा. बाईने फिरवावा, पाहुण्याने फिरवावा, कोणाची आज्ञा घ्यायची नाही. ही दवंडी ऐकून लोक हसले. म्हणाले, म्हणजे आता दरवाजाला धनीच नाही.

पावसाळा अर्धा सरला. राजाच्या वाढदिवसाला नगराच्या पलीकडच्या माळावर मोठा उत्सव ठेवला होता. मल्लांच्या कुस्त्या, हत्तींच्या शर्यती, जेवणावळी. नगरावर लख्ख ऊन पडले होते, त्यामुळे सगळे नटूनथटून तिकडे गेले. बांधावरचा राखणदारही गेला, हत्ती बघायला. वर डोंगरात आभाळ फाटले होते हे कोणाला माहीत असणार?

उत्सवाला गेले नव्हते ते सोमिल. ज्या राजाने मान काढून घेतला त्याच्या पंगतीला बसायचे नाही, असा त्यांचा हट्ट. घरी करमेना, म्हणून काठी टेकत बांधावर आले आणि आपल्या अडसराची रिकामी खोबण बघत बसले. बघता बघता त्यांच्या ध्यानात आले की पाण्याचा रंग बदलला आहे. गढूळ, लाल, आणि वर चढते आहे. खुणेचा दगड कधीच बुडाला होता.

सोमिल उठून दरवाजाजवळ गेले. आणि खरे सांगायचे तर, तिथे जाऊन नुसते उभे राहिले. आयुष्यभराची सवय. आधी सहा जण यायचे, मग आपली पाळी. ते वाटेकडे बघू लागले. वाटेवर कोणी नव्हते. पाणी बांधाच्या काठाला लागले, एक लाट त्यांच्या पायांवरून गेली, तेव्हा कुठे त्यांना उमगले की आता कोणाची वाट बघायची नाही, पुढे कोणाची पाळीच नाही.

त्यांनी काठी फेकली आणि रहाटाला हात घातला. म्हातारे हात, पण रहाट साफ होता आणि दोर नवा होता. एक वेढा बसला, दुसरा बसला, सागाचा अडसर कुरकुरत बाजूला सरकला. दारे धाडकन उघडली, आणि सारा तलाव गर्जना करीत कालव्यात उतरला. तो आवाज माळापर्यंत गेला. कुस्त्या थांबल्या, हत्ती बिथरले, आणि आदल्या वर्षीची आठवण असलेली कुंभारआळीची माणसे ऊर फुटेस्तोवर घराकडे धावली.

घरे होती. भट्ट्या होत्या. अंगणात वाळत घातलेली कच्ची मडकी जशीच्या तशी होती. कालवा काठोकाठ भरून नगराला वळसा घालीत नदीकडे निघाला होता. बायका त्या मडक्यांजवळ बसून रडू लागल्या, आणि मग रडता रडता हसू लागल्या. कोणीतरी ढोल आणला. राजासकट सगळे नगर बांधावर आले तेव्हा रहाटाचा दांडा दोन्ही हातांनी धरून, नखशिखान्त भिजलेले सोमिल श्रेष्ठी जमिनीवर बसले होते.

लोकांनी आधी ओळखलेच नाही. ओळखल्यावर असा जयजयकार उठला की डोंगरातून त्याचा प्रतिध्वनी आला. कुंभारांनी म्हाताऱ्याला खांद्यावर घेतले. राजाच्या डोळ्यांत पाणी आले. तो म्हणाला, "श्रेष्ठी, तुमचा अडसर उद्याच पुन्हा लावू. सोन्याने मढवून लावू. आणि आता मान सातवा नाही, पहिला."

सगळे क्षेमदत्तांकडे बघू लागले. त्यांच्या साऱ्या खटपटीवर एका वाक्यात पाणी पडणार होते. पण ते सोमिलांकडे बघत होते.

सोमिल म्हणाले, "मला खाली ठेवा."

खाली उतरल्यावर ते राजासमोर उभे राहिले. "महाराज, पाणी पायाला लागलं तरी मी उभा होतो. कोणाची वाट बघत होतो? माझ्या आधीच्या सहा जणांची. ते सहा अडसर आज इथे असते तर मी अजून उभाच असतो, आणि या माणसांची घरं पुन्हा वाहून गेली असती." ते कुंभारांकडे वळले. "मला मान द्यायचा असेल तर या दरवाजाला काही लावू नका. माझ्या नातवाला मी सांगेन, तुझ्या आजोबांनी दरवाजा उघडला. तेवढं त्याला पुरेल."

क्षेमदत्तांनी पुढे होऊन त्यांचे पाय धरले. म्हाताऱ्याने त्यांना उठवून छातीशी धरले. त्या दिवशीचा उत्सव माळावरून उठून बांधावर आला, आणि राजाच्या जेवणावळीची पाने कुंभारआळीत मांडली गेली. इरावती नवे लुगडे नेसून आली होती. तेव्हापासून नीलवापीत जो राजा गादीवर बसेल त्याने रिकाम्या हाताने दरवाजापाशी यावे, रहाट एकदा फिरवून पाहावा आणि परत जावे, असा रिवाज पडला. त्या दरवाजाने पुढे कितीतरी पिढ्यांचे पूर झेलले.

शास्त्यांनी, म्हणजे भिक्षूंच्या गुरूंनी, ही कथा एका विहारात सांगितली. तिथे सुयाम नावाचा एक श्रीमंत उपासक भिक्षूंसाठी आणखी एक सभागृह, त्यावर आणखी एक शिखर, असे बांधीतच चालला होता. आणि भद्रिल नावाचे एक वृद्ध भिक्षू होते. वर्षानुवर्षे जमवलेली पात्रे आणि चीवरे त्यांना सोडवत नव्हती, पण त्याच सकाळी नव्या भिक्षूंना उघडे पाहून त्यांनी ती सारी वाटून टाकली होती, आणि आता एका चीवरात संकोचून मागे बसले होते.

कथेतल्या माणसांचा आताच्या माणसांशी मेळ घालून देताना शास्ते म्हणाले, "भिक्षूंनो, त्या वेळचा जयंधर राजा म्हणजे हा उपासक सुयाम. इरावती म्हणजे वेशीजवळची ती म्हातारी, जी रोज आपल्या वाट्याच्या अर्ध्या भाकरीची भिक्षा वाढते. अमात्य क्षेमदत्त मीच होतो. आणि ज्याने ते नगर वाचवले तो सोमिल श्रेष्ठी, तो तुमच्यात मागे बसला आहे. त्याला पुढे येऊ द्या."

भिक्षूंनी वाट करून दिली. भद्रिल पुढे आले तेव्हा शास्ते त्यांच्याकडे बघून म्हणाले, "ज्यात अडकलो ते आपल्या हाताने उतरवून ठेवणे, आणि जे उरते ते सर्वांच्या उपयोगी पडू देणे, याला अल्पेच्छता म्हणतात. हिच्या बळावर म्हातारे हातसुद्धा अख्खा तलाव मोकळा करतात."

सारी सभा साधुकार करीत उठून उभी राहिली.