फोटोला घातलेला हार

गाड्यांना अजून बोलता येत होतं, तेव्हाची ही गोष्ट. राऊळ वकिलांच्या अंगणात त्यांची तरुणपणातली पहिली गाडी गंजत उभी होती. मागच्या सीटवर एका कोंबडीने बस्तान मांडलं होतं.

दसऱ्याला गाडी कोंबडीला म्हणाली, "आज जरा उतर बाई. मालक हार घालायला येतील."

मालकांनी झेंडूचा हार आणला खरा, पण घातला तो दिवाणखान्यातल्या तिच्या जुन्या फोटोला. "काय दिवस होते! हिच्यातूनच कुमुदला लग्न करून घरी आणलं," असं पाहुण्यांना सांगताना त्यांचे डोळे भरून आले.

उघड्या खिडकीतून गाडीने सगळं पाहिलं. "अगं, हार तर मेलेल्यांच्या फोटोला घालतात. मग इथे उभी आहे ती कोण?"

"अडगळ," कोंबडी म्हणाली आणि पुन्हा सीटवर जाऊन बसली.