सावळीची बहीण

शिपायागणिक बंदूक निराळी असायची, त्या काळची गोष्ट. सेनापतींनी सगळ्या फौजेला एकच बंदूक द्यायचं ठरवलं. निवडीसाठी चांदीच्या नक्षीची बंदूक चंद्रिका आली. एकाच साच्यातल्या बहिणींना घेऊन साधी सावळीही आली.

सेनापतींनी दोघींना चिखलात लोळवलं, दगडावर आपटलं. दोघींचीही आतली स्प्रिंग तुटली. चंद्रिका हाताने घडवलेली एकुलती एक, तिला दुसऱ्या कुणाचीच स्प्रिंग बसेना. सावळी रडवेली झाली.

तेवढ्यात मागून धाकटी बहीण म्हणाली, "ताई, माझी घे की!"

ती स्प्रिंग चपखल बसली आणि सावळीचा बार दणक्यात निघाला.

"हीच आपली बंदूक!" सेनापती म्हणाले.

"सरकार, मान हिचा," सावळी म्हणाली. "माझ्यासाठी ही मुकी झाली." आणि तिने धाकटीच्या खांद्यावर डोकं टेकलं.

तेव्हापासून छावणीत बंदुका एकमेकींना टेकूनच उभ्या राहतात.