येसूआत्याचा खडा

फार फार मागची गोष्ट. गडदी नदीच्या काठी कुसगोठणं नावाचं गाव होतं आणि तिथं येसूआत्या होडी चालवायची. तिच्या होडीत बसलेलं माणूस कधी बुडालं नाही, असं सांगतात. ढगाकडे बघून ती पाऊस सांगायची, गुराच्या डोळ्यांत बघून दुखणं. म्हणून गाव तिला विचारी. विचारलेलं तिलाही आवडे, हे कशाला लपवायचं?

पण विचारण्याची सवय वाईट. आधी लोक पेरणीचं विचारत, मग कशाचंही विचारू लागले. एकदा ठकू नावाची सून भाताचं शीत पळसाच्या पानावर घेऊन नदीवर आली.

"आत्या, शिजलं का गं?"

"अगं भवाने, दातांखाली धरून बघ की!"

"मी बघितलं, तर ते खरं कशावरून?"

येसूआत्या हसली. शीत चावून म्हणाली, "शिजलंय." तिथंच ती चुकली.

एका भर दुपारी ती पैलतीरावर असताना सखोबाच्या गोठ्याला आग लागली. गाव घागरी भरून गोठ्याभोवती उभं राहिलं आणि नदीपलीकडे हाका मारू लागलं, "आत्याऽ, पाणी मारू काऽ?" हाका वाऱ्यावर गेल्या. तिनं धूर पाहिला, होडी हाणली, पण ती पोचली तेव्हा राख उरली होती. दाव्याला बांधलेली गाय तिथंच गेली होती.

"घागरी भरलेल्या होत्या ना रे?"

"होत्या की," सखोबा रडत म्हणाला. "पण आत्या, तू कुठं काय बोललीस?"

येसूआत्या तशीच नदीवर परत गेली. मग तिनं नदीतला एक गुळगुळीत खडा उचलला आणि तोंडात धरला. त्या दिवसापासून कुणी काही विचारलं, की ती गालातल्या खड्याकडे बोट दाखवी. लोक चिडले. म्हातारीला माज चढला म्हणाले. ती जेवायला खडा काढी, जेवून परत ठेवी.

आणि श्रावणात नदी चढली. अशी चढली, की काठच्या चिंचांचे शेंडे तेवढे दिसत होते म्हणतात. सगळं गाव तिच्या दारात जमलं. "आत्या, टेकडीवर जायचं का?"

पाणी घोट्याला लागलं. तिची जीभ खड्याखाली तळमळत होती. एक शब्द टाकला असता तर गाव आज वाचलं असतं, आणि उद्या पुन्हा भरल्या घागरी घेऊन उभं राहिलं असतं. तिनं मनाशी ठरवलं, पोरांच्या कमरेला पाणी लागलं की खडा थुंकायचा. होडी तिनं दाराशीच बांधून ठेवली होती. पाणी गुडघ्याला आलं. तिच्या डोळ्यांतून धारा लागल्या.

तेवढ्यात ठकूनं खाली बघितलं. "अगं बाई, माझं लुगडं भिजलं! पाणी दिसतंय की मला! तिला कशाला विचारताय? उचला पोरं, चला वर!"

अख्खं गाव टेकडी चढलं. एक कोंबडंसुद्धा मागं राहिलं नाही.

वरून त्यांनी पाहिलं, येसूआत्या होडीत बसली होती, खदाखदा हसत होती, आणि होडी वल्ह्याविना, पुराच्या उलट, डोंगराकडे चालली होती. ती पुन्हा कुणाला दिसली नाही. पाणी ओसरल्यावर तिच्या उंबऱ्यावर तो खडा सापडला. भर चैत्रातही तो ओला असतो. पटत नसेल तर हात लावून बघा, मला विचारू नका.

आजही कुसगोठण्यात घरोघरी देवळीत नदीतला एक खडा असतो. कुणी उगाच विचारायला आलं, की आधी खडा तोंडात धरायचा, स्वतः बघून यायचं, मग बोलायचं. हल्ली तर माणसं तळहातावरच्या फोनला सगळं विचारतात. गेल्या पावसाळ्यात ठकूच्या वंशातला एक चांगला मिशीवाला बाप्या ओटीवर बसून फोनला विचारत होता, बाहेर पाऊस आहे का. त्याच्या आजीनं देवळीतला खडा पुढे केला.

त्यानं तोंडात धरला, अंगणात गेला, आणि चिंब होऊन आत आला.