न दिलेलं नाव

कारखानदार विश्वासराव शितोळे यांनी कामगारांची मतं आजमावायचं काम निळकंठ तुळपुळेला दिलं. निळकंठची सर्वेक्षण कंपनी म्हणजे तो एकटाच. अहवालात आलं, की कामगार साहेबांना नुसते घाबरतात. साहेब भडकले. "असं कोण म्हणालं त्यांची नावं द्या, नाहीतर या शहरात तुम्हाला कुणी काम देणार नाही."

उत्तर देणाऱ्याचं नाव बाहेर सांगायचं नाही, हा या धंद्याचा नियम. एकट्याला तो पेलवेना, म्हणून निळकंठने सर्वेक्षण व्यावसायिकांच्या संघटनेला फोन केला. दुसऱ्या दिवशी संघटनेच्या सचिव इंदुताई खासनीस त्याच्यासोबत साहेबांच्या केबिनमध्ये येऊन बसल्या.

"पैसे मी मोजलेत, तेव्हा नावंही माझीच," साहेब म्हणाले.

"गेल्या वर्षी आम्ही कारखानदारांचं सर्वेक्षण केलं," इंदुताई म्हणाल्या. "मुलाखती मीच घेतल्या. मनातलं कुणाशी बोलता, असा एक प्रश्न होता. एक जण म्हणाले, कुणाशीच नाही. अहवाल वाचून बाकीच्या कारखानदारांनी ते कोण, हे मला खोदून खोदून विचारलं. पैसे त्यांनीही मोजले होते."

साहेब पेपरवेट फिरवत राहिले. "मग?"

"मग काय. नाव दिलं नाही."

साहेबांनी पेपरवेट अहवालावर ठेवला.

"राहू द्या ती नावं," साहेब म्हणाले. दोघं दारापाशी पोचल्यावर त्यांनी हळूच विचारलं, "त्या माणसाचं नाव पुढेही कुणाला कळणार नाही ना?"

"कुठल्या माणसाचं?" इंदुताई म्हणाल्या, आणि त्यांनी दार हलकेच ओढून घेतलं.