मिठाचा अंदाज

राहतं घर गेलं तर चिमुकल्या रेवाला घेऊन जायचं कुठे, या काळजीने केतकीची झोप उडाली होती. नवरा आधीच गेलेला. सासूबाईंनी मृत्युपत्रात घर तिच्या नावे केलं आणि त्याही गेल्या. आता मोठे दीर भालचंद्रराव कोर्टात गरजत होते, "सही केली तेव्हा आईचं डोकं ठिकाणावर नव्हतं!"

वकील परवडत नव्हता. केतकी एकटीच उठली. एम. ए. होऊनही तिला आमटीतलं मीठ साधत नसे. नेमकं तेच तिला आठवलं.

"भाऊजी, सही केली त्याच आठवड्यात आईंनी लोणचं घातलं. बरणी तुम्हीच नेलीत. मीठ-मोहरी मोजून कुणी दिली होती?"

"छे! आईला माप कधी लागलंच नाही. सगळं अंदाजाने."

"मग नासलं असेल."

"नासतंय कसलं! वर्ष झालं, जसंच्या तसं आहे."

"पाच किलो कैऱ्यांचं मीठ चुकलं नाही, आणि घर कुणाला द्यायचं एवढंच चुकलं?"

निकाल केतकीच्या बाजूने लागला.

बाहेर शाबासकी द्यायला कुणीच नव्हतं. पायरीवर रेवाने तिचा पदर ओढला.

"आई, आता आपलं लोणचं कोण घालणार?"